कॉन्सर्टची जुनी कॅसेट कोंदट वाजते, सूर हलतो: आधी काय तपासायचं

प्रेक्षकांत बसून केलेल्या रॉक कॉन्सर्टच्या जुन्या कॅसेट्स कॉम्प्युटरवर घ्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक टेप कधीतरी हॉस्टेलच्या खोलीत एकावरून दुसरी अशा कॉपी झालेल्या आणि नंतर वर्षानुवर्षं स्लॅबखालच्या माळ्यावर पडून राहिलेल्या असतात. नागपूरचा मे महिना आणि त्यानंतरचा पावसाळा त्यांनी किती वेळा सोसला असेल, याचा हिशेब नाही. तक्रार मात्र ठरलेली: आवाज कोंदट येतो, सूर हलतो, "टेप गेली वाटतं."

टेप सहसा गेलेली नसते. दोष डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रात असतो, एखाद्या बटणात असतो, नाहीतर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये. तो नेमका कुठे आहे हे कळण्याआधीच लोक इक्वलायझर चढवतात, आवाज "साफ" करतात आणि ती बिघडलेली फाइल दहा जणांना पाठवतात. मग तीच फिरत राहते आणि मूळ कॅसेट कुणी ऐकतच नाही. म्हणून खालचा क्रम सोडू नका.

लक्षणं

- गाणं ओळखू येतं, पण सिंबलचा (ड्रमवाल्याच्या झांजेचा) झणकार आणि टाळ्यांची धार नाही. सगळं गोधडीखालून आल्यासारखं.
- कॅसेटची एक बाजू बरी वाजते, दुसरी दबकी.
- लांबवलेला गिटारचा सूर डुलतो किंवा थरथरतो.
- सगळा कार्यक्रम चढ्या किंवा उतरत्या सुरात आहे, गायकाचा आवाज भलताच कोवळा किंवा भलताच जाड वाटतो.
- सुरुवात ठीक, पण बाजू संपत येते तसा सूर चढत जातो.
- एक चॅनल (डावा किंवा उजवा) मधूनच गायब होतो.
- डेकवर ठीक वाजते, पण कॉम्प्युटरवर घेतलं की टाळ्यांबरोबर संगीतही दबतं.

हॉलचा घुमारा, शेजारच्याच्या गप्पा, मागून येणाऱ्या शिट्ट्या, मायक्रोफोनला कपडा घासल्याची खरखर, बाजू उलटताना अर्धवट तुटलेलं गाणं, हे दोष नाहीत. ती त्या रात्रीची नोंद आहे, तिला हात लावायचा नाही. पण "प्रेक्षकांतलं रेकॉर्डिंग म्हणजे कोंदटच असणार" हेही खरं नाही. माइक मिलार्ड यांनी १९७५ आणि १९७७ मध्ये लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये बसून, कॅसेट रेकॉर्डर आणि चांगले मायक्रोफोन वापरून लेड झेपेलिनचं जे रेकॉर्डिंग केलं, त्यात सिंबल आजही लखलखीत ऐकू येतात. कॅसेटवर तेवढा आवाज मावतो. तुमच्या टेपवर तो नसेल, तर का नाही हे शोधायला हवं.

आधी हे करा

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन्ही टोकांना प्लास्टिकचे छोटे टॅब असतात. ते शाबूत असतील तर तोडून टाका. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर पुसलेलं परत येत नाही, आणि अशा टेपची दुसरी प्रत जगात असेलच याची खात्री नसते.

मग कॅसेट उजेडात धरून टेपच्या गुंडाळीची कड बघा. पांढरे ठिपके, भुकटी किंवा कुबट वास असेल तर ती बुरशी. ती टेप डेकमध्ये घालू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा आणि सरळ खालच्या ‘इथे थांबा, जाणकाराला बोलवा’ या भागाकडे जा. बुरशी लागलेली एक कॅसेट चालवली की हेडवरून (डेकमधला टेप वाचणारा भाग) ती पुढच्या प्रत्येक कॅसेटपर्यंत जाते. आपल्याकडे ही अडचण पावसाळ्याइतकीच कूलरमुळेही होते. उन्हाळाभर कूलर चालणाऱ्या खोलीत हवा चांगलीच दमट असते आणि कॅसेटचं कपाट नेमकं त्याच खोलीत असतं.

१. दुसरी कॅसेट लावून बघा

फुकटची आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी. घरात छापील लेबलची, विकत आणलेली एखादी कॅसेट असेलच: सिनेमाची गाणी, अभंग, काहीही. ती त्याच डेकवर लावा. तीही कोंदट वाजली तर दोष डेकचा. ती छान वाजली आणि कॉन्सर्टचीच दबकी आली तर दोष टेपचा, किंवा टेप आणि डेक यांच्या जुळणीचा. एवढ्यावर अर्धा प्रश्न सुटतो, तरी लोक हीच पायरी गाळतात.

२. बटणं

डॉल्बीचं, म्हणजे टेपची सळसळ कमी करणाऱ्या सोयीचं, बटण आधी बंद करा. डॉल्बी बी रेकॉर्ड करताना हलके उंच स्वर वाढवून लिहितं आणि वाजवताना तेवढेच कमी करतं. टेप डॉल्बीशिवाय रेकॉर्ड झाली असेल आणि तुम्ही ते चालू ठेवलंत, तर जे वाढवलंच नव्हतं तेही कापलं जातं. कार्डावर डॉल्बीची खूण नसेल तर बंदच ठेवा. खूण असली तरी चालू करायची घाई नको: हेड मळकं किंवा वाकडं असेल तर उंच स्वर आधीच कमी झालेले असतात, डॉल्बी त्यांना हलके समजून आणखी कापतं. ते ठरवायचं पाचव्या पायरीनंतर.

दुसरं, टेपचा प्रकार. साधी टेप डेकवर "क्रोम" ठेवून वाजवली की उंच स्वर खाली बसतात. बरेच डेक हा प्रकार कॅसेटच्या मागच्या खाचांवरून स्वतःच ओळखतात. कुणी पूर्वी तुटलेल्या खोक्यातली (कॅसेटच्या प्लास्टिकच्या कवचातली) साधी टेप क्रोमच्या खोक्यात भरली असेल, तर डेक फसतं आणि टेप विनाकारण दबकी वाजते. खोकं आणि लेबल जुळत नसेल तर हा संशय घ्या.

३. कॉम्प्युटर

डेकला हेडफोन लावा. तिथे आवाज चांगला असेल तर डेक आणि टेप दोन्ही निर्दोष, गडबड पुढे आहे.

आजचे बरेच लॅपटॉप माइकच्या सॉकेटमधून येणारा आवाज माणसाचं बोलणं समजतात आणि बाकीचा गोंगाट म्हणून दाबतात. टाळ्या, सिंबल, हॉलचा घुमारा त्यांच्या लेखी गोंगाटच. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन "एन्हान्समेंट", "नॉइज सप्रेशन" अशा नावाचं जे काही चालू असेल ते बंद करा. शिवाय लॅपटॉपचं माइक-सॉकेट बहुधा मोनो असतं आणि डेकचा आवाज त्याला जास्त होतो. लाइन-इन असलेलं साधं यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, या कामात खर्च करण्यासारखी पहिली वस्तू तीच. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील. पातळी जास्त होऊन आवाज एकदा फाटला की नंतर शिवता येत नाही.

सॅम्पल रेटची (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले), म्हणजे ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झची गल्लतही इथेच होते. ४४.१ची फाइल ४८ समजून वाजली तर ती जवळजवळ ९ टक्के वेगाने धावते, सूर दीडेक पट्टी चढतो. एवढा मोठा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत अगदी सारखा फरक दिसला तर डेक उघडू नका, आधी हा आकडा बघा.

कूलर आणि डेक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर नको. पंप चालू-बंद होताना येणारी टिकटिक रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

४. सफाई, आणि कॅसेटमधला तो छोटा फेल्ट

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, ९९ टक्क्यांचं. सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत "आयपीए" म्हटलं की कळतं. औषधाच्या दुकानातलं जखमेचं स्पिरिट नको, त्यात पाणी आणि इतर गोष्टी असतात. डेक बंद करून कापसाची काडी हलकी ओली करा आणि हेडवरून फिरवा. काडी तपकिरी निघाली तर तो जुन्या टेपवरून सुटलेला ऑक्साइड. हेड आणि टेप यांच्यात केसाएवढीही फट पडली की आधी उंच स्वर जातात, जाड आवाज तसाच राहतो. म्हणूनच मळलेलं हेड बंद पडल्यासारखं वाटत नाही, नुसतं कोंदट वाटतं. काडी पांढरी निघेपर्यंत पुसा. पिंच रोलरचं (टेप पुढे ओढणाऱ्या छोट्या चाकाचं) रबर साबणाच्या पाण्याने ओलसर केलेल्या काडीने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. शेजारची बारीक पोलादी दांडी, कॅपस्टन, तीही पुसा: तिच्यावर मळाचं कडं बसलं की सूर थरथरतो.

आता कॅसेट हातात घ्या. उघड्या बाजूला मधोमध, टेपच्या मागे, पितळी पट्टीवर चिकटवलेला फेल्टचा चौकोनी तुकडा दिसायला हवा. तो टेपला हेडवर दाबून धरतो. आपल्याकडच्या उष्णतेने त्याचा गोंद वाळतो आणि तुकडा गळून खोक्यात फिरत राहतो, नाहीतर एका बाजूला सरकतो. मग आवाज दबतो, एक चॅनल येतो-जातो. "टेप गेली" म्हणून माझ्याकडे आलेल्या कॅसेट्समध्ये हा दोष सतत सापडतो.

उपाय सोपा आहे. पाच स्क्रूंचं खोकं असलेली कामातून गेलेली कॅसेट घ्या, तिचा फेल्ट चांगला आहे ना बघा. टेबलावर पांढरा कागद पसरा, कॉन्सर्टची कॅसेट आडवी ठेवून छोट्या पेचकसने स्क्रू काढा आणि वरचं झाकण सरळ वर उचला. टेपचा मार्ग मोबाइलवर फोटो काढून ठेवा: कोणत्या रोलरवरून जाते, कोणती बाजू बाहेर आहे. दोन्ही चकत्या एकत्र उचलून नव्या खोक्यात ठेवा, चकत्यांवरचे पातळ चकचकीत कागदही घ्यायला विसरू नका, त्यांच्याशिवाय टेप अडखळते. नवं खोकं त्याच प्रकारच्या टेपचं हवं, कारण मागच्या खाचांची गोष्ट वर आलीच आहे. खोकं स्क्रूऐवजी चिकटवलेलं असेल तर ते फोडावं लागतं. ते आधी निकामी कॅसेटवर करून बघा, हात बसल्याशिवाय कॉन्सर्टच्या टेपवर नाही.

टेप तुटली असेल तर स्प्लायसिंग टेपच वापरा. साध्या सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वळ्यांना चिकटतो.

५. अॅझिमथ

सफाई झाली, फेल्ट ठीक आहे, विकतची कॅसेट छान वाजते आणि कॉन्सर्टचीच दबकी आहे? मग जवळजवळ नक्कीच अॅझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन.

हेडमधली फट टेपच्या प्रवासाला बरोबर काटकोनात हवी. पण तुमची टेप ज्या यंत्रावर रेकॉर्ड झाली त्याचं हेड किंचित तिरपं असेल, तर टेपवरची नोंदही त्याच तिरपाईने उमटलेली असते. सरळ हेडने ती वाचली की उंच स्वर एकमेकांना मारतात. म्हणजे डेक बरोबर आणि टेपही बरोबर, तरी जुळणी नाही. खिशातला रेकॉर्डर आणि हॉस्टेलचा टू-इन-वन यांच्यातून फिरलेल्या टेपचं हे नेहमीचं आहे. ऑटो-रिव्हर्स डेकवर एक बाजू बरी आणि दुसरी कोंदट वाजली तर तीही हीच खूण.

हेडच्या शेजारी, बहुधा स्प्रिंग असलेला, एक छोटा स्क्रू असतो. बऱ्याच डेकमध्ये कॅसेट घालायच्या जागेचं झाकण काढलं की वाजवताना त्याच्यापर्यंत पेचकस जातो. चुंबकीय टोकाचा पेचकस चालणार नाही. आधी स्क्रूची मूळ जागा बारीक मार्करने खुणेसाठी रंगवा. मग आवाज मोनो करा, हे महत्त्वाचं: दोन्ही चॅनल एकत्र केल्यावर जुळणी चुकली असेल तर आवाज लगेच मरतो आणि जुळली की अचानक उघडतो, त्यामुळे कान फसत नाही. सिंबल किंवा टाळ्यांचा भाग लावा आणि स्क्रू अगदी हळू फिरवा. पाव वळशाच्या आतच एक जागा येते जिथे टाळ्या सुट्या-सुट्या होतात, माणसं वेगवेगळी ऐकू येतात. तिथे थांबा. दोन्ही बाजू वेगळ्या तपासा, कारण बाजू उलटल्यावर जुळणी बदलू शकते. काम झालं की स्क्रू खुणेवर परत आणा.

अर्ध्या वळशात काही फरक पडला नाही, तर पुढे फिरवत बसू नका. टेप आधीच वाकड्या डेकवर कॉपी झाली असेल तर उंच स्वर त्या कॉपीतच गेलेले असतात. ते आणायचे तर जिच्यावरून ही कॉपी झाली ती, एक पिढी मागची टेप शोधावी लागते, इक्वलायझरने नुसती सळसळ वाढते.

आता डॉल्बी चालू आणि बंद, दोन्ही ऐका. बंद असताना आवाज बोचरा आणि सळसळता, चालू केल्यावर नैसर्गिक वाटला, तर टेप डॉल्बीची आहे.

६. वेग खरा किती?

कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावायला हवी. ३ टक्के फरक पडला की सूर साधारण अर्ध्या अर्धस्वराने हलतो. वाजवणाऱ्याला तो खुपतोच. पण फरक तुमच्या डेकचा की रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचा? विकतची कॅसेट बरोबर सुरात असेल तर डेक निर्दोष आहे. मग डेकच्या मोटारीचा स्क्रू फिरवू नका, दुरुस्ती कॉम्प्युटरवर करा. स्टुडिओतल्या गाण्याशी जुळवताना मात्र सांभाळा: हेन्ड्रिक्ससारखे वादक गिटार अर्धा सूर उतरवून लावत. कॉन्सर्ट स्टुडिओपेक्षा खाली आहे एवढ्यावरून वेग चुकला असं ठरत नाही.

त्यापेक्षा पक्का साक्षीदार म्हणजे विजेची गुणगुण. मंचावरच्या अॅम्प्लिफायरची बारीक गुणगुण बऱ्याच टेपवर उतरलेली असते आणि ती त्या गावच्या विजेच्या ठेक्यावर असते: अमेरिकेत ६० हर्ट्झ, भारतात आणि युरोपात ५०. जपानमध्ये दोन्ही आहेत, टोकियोकडे ५०, ओसाकाकडे ६०. डीप पर्पल ऑगस्ट १९७२मध्ये आधी ओसाकात आणि मग टोकियोत वाजले. म्हणजे एकाच दौऱ्याच्या टेप तपासायच्या तर गाव बघून आकडा बदलायचा.

ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गाण्यांमधला शांत भाग निवडून स्पेक्ट्रम (किती हर्ट्झला किती जोर आहे तो आलेख) काढा, आकार ६५५३६ ठेवा. मूळ आकड्यापेक्षा त्याची दुप्पट, चौपट मोजली तर चूक कमी होते. समजा अमेरिकेतल्या कॉन्सर्टच्या टेपवर १२० ऐवजी १२३.६ हर्ट्झला टोक दिसलं: टेप ३ टक्के जलद आहे. दुरुस्ती १२० भागिले १२३.६, म्हणजे वेग २.९१ टक्के कमी. पिच नव्हे, स्पीडच बदला, म्हणजे लय आणि सूर दोन्ही जागेवर येतात.

एक खबरदारी. तुमच्या स्वतःच्या डेकचीही गुणगुण असते आणि ती ५० च्या अगदी जवळ आणि त्याच्या पटींवर दिसते. टेप थांबवा, कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. तरीही तिथे टोक दिसलं तर ते तुमच्या घरच्या विजेचं. भारतातल्या कॉन्सर्टच्या टेपवर, मुंबईच्या रंगभवनातली म्हणा, ही गल्लत सहज होते.

बाजूच्या शेवटाकडे सूर चढत जात असेल, तर रेकॉर्ड करणाऱ्याच्या सेल उतरत होत्या. यंत्र हळू चालत गेलं, म्हणून आज टेप जलद वाटते. दर पाच मिनिटांनी गुणगुण मोजा आणि त्या प्रमाणात वेग बदलत न्या. वेळखाऊ आहे, पण शेवटचं एन्कोर बहुधा तिथेच असतं.

७. बेल्ट आणि रोलर

विकतची कॅसेटही डुलत असेल तर रबराकडे वळा. बेल्ट सैल पडला की सूर सावकाश डुलतो, रोलर टणक आणि चकचकीत झाला की टेप घसरते. नागपूरच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या डेकचा बेल्ट कधीकधी डांबरासारखा काळा चिकट होऊन चाकांना लागलेला सापडतो. बेल्ट महाग नसतो. पण तो बदलायला पूर्ण यंत्रणा बाहेर काढावी लागत असेल, तर ते तुमचं काम नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

डेकच्या पॉवर सप्लायला हात लावू नका. जळका वास, फ्यूज सतत उडणं, बॉडीला झटका: प्लग काढा आणि कारागिराकडे न्या. इतवारी, सीताबर्डीकडे रेडिओ-टेप दुरुस्त करणारी जुनी माणसं अजून भेटतात. त्यांना स्पष्ट सांगा, "काका, हेड पॉलिश पेपरने घासू नका, कुठे तेलाचा स्प्रे मारू नका, फक्त बेल्ट आणि रोलर बघा." चाचणीसाठी साधी कॅसेट द्या. कॉन्सर्टची कॅसेट दुकानात ठेवायची नाही.

बुरशी लागलेली टेप घरी पुसू नका. ती भुकटी श्वासातही जाते. टेप किंचाळत चालत असेल, चिकटून थांबत असेल, वळ्या एकमेकींना धरून असतील, तर जोर लावून गुंडाळू नका. अशा काही टेप, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या स्पूलच्या, नियंत्रित उष्णतेत तासन्‌तास ठेवून तात्पुरत्या वाजण्याजोग्या करतात. ते फक्त अशा कामाची यंत्रं असलेल्या ठिकाणीच होतं. मे महिन्यात गच्चीवर कॅसेट ठेवून तेच साधेल असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. खोकं वाकतं, टेपची कड लहरी होते आणि मग कोणालाच काही करता येत नाही. डॅट (डिजिटल टेप) कॅसेटमध्ये सारखे चिरके तुटके आवाज येत असतील तरी तेच: एकदा साफ करून बघा, नाही जमलं तर थांबा.

पाठवण्याआधी

सगळ्यात आधी कच्ची फाइल जपून ठेवा: न कापलेली, न सुधारलेली, २४ बिटची. वेग दुरुस्त केलेली प्रत वेगळी. आवाज साफ करणारे फिल्टर लावू नका. सळसळीबरोबर टाळ्यांमधली आणि सिंबलमधली हवाही जाते, आणि उद्या याहून चांगलं साधन आलं तर मूळच उरत नाही.

फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता लहान केलेली फाइल) करून पाठवा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर ऑडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा. दुसऱ्याकडून आलेली फ्लॅक घेतानाही तिचा स्पेक्ट्रोग्राम (आवाजातले उंच-खालचे स्वर दाखवणारं चित्र) बघा. १६ किलोहर्ट्झला पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ दिसली तर ती बहुधा एमपी३मधून परत फुगवलेली आहे, पुढे देऊ नका. आवाज हळूहळू विरत १२-१३ किलोहर्ट्झपर्यंत संपत असेल तर ती कॅसेटचीच मर्यादा, तिच्यावर शंका नको.

बॅन्डची इच्छाही पाळा. ग्रेटफुल डेडने १९८४ पासून रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच दिली होती, सगळे तसं करत नाहीत. अधिकृतपणे विक्रीला आलेला कार्यक्रम वाटू नका, आणि कुठल्याच टेपचे पैसे घेऊ नका.

प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा: बॅन्ड, गाव, तारीख, कॅसेटची कितवी पिढी, कोणता डेक, डॉल्बी चालू की बंद, अॅझिमथ जुळवला का, वेग किती बदलला आणि कशावरून. तारखेची खात्री नसेल तर नुसतं साल लिहा, पुढे प्रश्नचिन्ह टाका. खोकं बदललं असेल तर तेही लिहा आणि जुनं खोकं, त्यावरच्या हस्ताक्षरासकट, फेकू नका. त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये घाला.